बियाच्या खाली दोन बोटं

(दृश्य: दिवस उगवतोय. काळं रान, जुंपलेली बैलजोडी.)

हस्ताचा पाऊस होऊन गेलाय, चित्रा नक्षत्र लागलंय. सीना आणि भीमा जिथं एक होतात, त्या कुडलच्या अलीकडचं हे रान. आबांनी मूठभर माती दाबली, गोळा झाला. कमरेएवढ्या उंचीवरून सोडला, फुटला. वाफसा आलाय, म्हणजे पेरणीजोगी ओल. आता पेरणी लांबवून चालत नाही. इथून पुढं या गव्हाला पाणी मिळणार ते जमिनीच्या पोटात साठलंय तेवढंच.

सोलापुरात रब्बी म्हटलं की मालदांडी ज्वारी. जिरायत, म्हणजे नुसत्या पावसावरच्या, गव्हाच्या वाट्याला येतो तो खोल काळ्या रानाचा एखादा तुकडा, घरच्या पोळीपुरता. ज्वारीच्या दोन ओळींत दीड फूट, गव्हाच्या दोन ओळींत एक वीत.

(दृश्य: पाभरीची, म्हणजे पेरणीच्या अवजाराची, दोन चाडी, म्हणजे बी-खत सोडायची तोंडं, अगदी जवळून.)

इथं कॅमेरा बराच वेळ थांबलाय, कारण बघायचं ते इथंच आहे. पुढच्या चाड्यात लाल खडे, म्हणजे पालाशचं (पोटॅशियमचं) खत, मागच्यात गहू. मागच्या चाड्यावर काकूंची मूठ, पुढच्यावर सुनेची. मूठ सैल झाली की बी दाट पडतं, आवळली की तुटक. एकरी 30 ते 40 किलो गहू या बोटांच्या हिशोबानं जमिनीत जातो.

चाड्यांतून वेळूचे नळे फणापर्यंत उतरलेत. पुढचा नळा खाली, फणाला लागून. मागचा जरासा वर. फण जमीन उकलतो, खत तळाला पडतं, कडेची माती त्यावर ढासळते आणि मग त्या मातीवर बी पडतं. बी जमिनीखाली पाच-सहा सेंटीमीटर, खत त्याच्याही खाली दोन बोटं. मधे मातीचा थर. मागून फळी फिरते आणि फणानं पडलेलं तास बुजतं.

“नळा सरकला की सगळं बिघडतं,” आबा सांगतात. दर चार तासांनी, म्हणजे ओळींनी, ते बैल थांबवतात, नळ्याची दोरी चाचपतात आणि बोटानं माती उकरून बी कुठं पडलंय ते बघतात. आम्ही हे तीनदा चित्रित केलं. चौथ्यांदा ते वैतागले.

(दृश्य: तळहातावर लाल खडे.)

हे म्युरेट ऑफ पोटॅश. शंभर किलोत 60 किलो पालाश. आपल्याकडं येतं ते सगळं परदेशातून, बोटीनं. लाल रंग पालाशचा नाही, खाणीतल्या लोहाचा. खडा विरघळून गेला तरी तो लाल डाग मातीवर राहतो. तो बघून खत अजून आहे असं वाटतं, किंवा वायाच गेलं असं वाटतं. डागावरून दोन्ही ठरत नाही.

(दृश्य: शेजारचं रान. घमेल्यातून खत फोकणारा हात.)

दिसायला हे जास्त देखणं आहे, मान्य. उन्हात लाल तुषार उडतात, एकराचं काम अर्ध्या तासात उरकतं. बागायतीत एक वेळ चालून जातं, मागून पाणी येतं. इथं मागून काही येत नाही. पालाश मुळाकडं सरकतं ते मातीच्या कणांभोवती जो ओलाव्याचा पापुद्रा असतो त्यातून, आणि तेही मिलिमीटरनं मोजावं इतकंच. दिवाळीनंतर वरची चार बोटं माती कोरडी पडते, तिथली ही वाटच बंद होते. मुळं ओलीच्या मागं खाली जातात, खत वर राहतं. चिकणमाती त्याला धरून ठेवते, त्यामुळं पुढच्या पावसापर्यंत ते खाली उतरत नाही.

मग बियातच मिसळून पेरलं तर? तेही नको. म्युरेट म्हणजे शेवटी एक क्षारच. कोरड्या रानात बियाला लागून पडला की ओल तो ओढतो आणि कोंब मुका राहतो. सल्फेट ऑफ पोटॅश त्या मानानं सौम्य, पण महाग. म्हणून तर ती दोन बोटं.

(दृश्य: बांधाजवळ खणलेला खड्डा, मातीची कड.)

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर ही फिल्म बघून कुणी उद्या गोणी घेऊन येईल. जिरायत गव्हाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 40 किलो नत्र (नायट्रोजन) आणि 20 किलो स्फुरद (फॉस्फरस), पेरणीबरोबरच. पालाश त्यात नाही. बागायतीला 40 किलो आहे, जिरायतीला नाही. कारण खड्ड्याच्या या कडेतच दिसतंय. काळ्या मातीत मुळातच पालाश भरपूर. माती परीक्षणाच्या कागदावर हेक्टरी 280 किलोच्या वर आकडा असेल तर दोन चाड्यांची ही सगळी कसरत नत्र-स्फुरदासाठी करा, पालाश विकत घेऊ नका.

आबांच्या वरच्या माळाचा, मुरमाड तुकड्याचा, कागद मात्र वेगळं बोलतो. चाड्यात दिसले ते लाल खडे याच तुकड्यासाठीचे. तिथं वर्षानुवर्षं पीक निघालं, शेणखत गेलं नाही. गव्हानं उचललेल्या पालाशचा मोठा वाटा दाण्यात नसतो, काडात असतो. काड भुसा होऊन बाहेर गेलं की रानातलं पालाशही गेलं. समजा तिथं हेक्टरी 20 किलो पालाश द्यायचं ठरलं, तर म्युरेट लागतं 33 किलो, म्हणजे एकरी 13 किलोच्या आसपास. दोन घमेलीसुद्धा नाही. एवढंसं खत फोकून रानभर पसरणार किती आणि मुळाला सापडणार किती!

आणि दुकानातून 10:26:26 ची गोणी आणणाऱ्यांनी गोणीवरचा तिसरा आकडा, म्हणजे पालाशचे टक्के, वाचावा. 50 किलोच्या त्या एका गोणीत 13 किलो पालाश आधीच आहे. वर वेगळी म्युरेटची गोणी कुणी गळ्यात मारत असेल तर आधी कागद दाखवा म्हणावं.

(दृश्य: गोठा. गव्हाणीत भुसा, खाली ओली फरशी.)

हे दृश्य फिल्ममध्ये राहू दे असा आमचा हट्ट होता. बैलानं खाल्लेल्या भुशातलं पालाश बहुतेक मूत्रातून बाहेर पडतं. आबांच्या गोठ्यात खाली काडाचा थर असतो, तो भिजला की उकिरड्यात जातो. शेजारी नवी फरशी झाली, सगळं नालीतून रस्त्यावर येतं.

(दृश्य: दूरवर कारखान्याची चिमणी, धूर.)

सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं पाणी बॉयलरमध्ये जाळतात, त्या राखेत पालाश असतं. मळीपासूनचं पोटॅश म्हणून ते विकलं जातं, 2021 पासून अनुदानातही आलंय. पालाश किमान साडेचौदा टक्के, म्हणजे म्युरेटच्या एका गोणीच्या जागी चार गोणी. बैलगाडीनं न्यायचं असेल तर हा हिशोब आधी करावा. बोटीनं आणण्यापेक्षा चिमणीखालचं बरं, एवढं मात्र आम्हाला वाटतं.

पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पोटात असताना, पाण्याचा ताण पडला तर 13:0:45 या विरघळणाऱ्या खताची फवारणी करतात, दहा लिटर पाण्याला 100 ते 200 ग्रॅम. पालाश पानावरची रंध्रं मिटायला मदत करतं, ओल वाचते. फवारणीच्या दिवशी वारा होता, ते चित्रण झालं नाही. मळणीलाही आम्ही पोहोचलो नाही. वरच्या तुकड्यात दाणा बरा भरला, असं आबांनी फोनवर सांगितलं.

(दृश्य: शेवटचं तास. बैल बांधाला वळतात.)

सुनेनं चाडं उलटं करून झटकलं. तळाला चिकटलेले पाच-सहा लाल खडे तिनं नखानं काढले आणि उघड्या तासात टाकले. काकू म्हणाल्या, “अगं, वर नको. माती ओढ त्याच्यावर.”