बाहेरची रेपॉझिटरी जोडताना आपण सर्व्हरवर कोणाला काय करू देतो?

नमस्कार. डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरवर एखादे सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्याकडूनच घ्यायचे असेल, तर मार्गदर्शिकेत बहुधा दोन कमांड असतात: पहिली सहीची की (सही पडताळण्याची डिजिटल किल्ली) उतरवते, दुसरी रेपॉझिटरी (पॅकेजांचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचा, ऑनलाइन साठा) जोडते. दोन्ही चालवण्यापूर्वी त्यांचा अर्थ समजून घेणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

रेपॉझिटरीतील इनरिलीज या फाइलवर जीपीजी या साधनाने केलेली डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या सूचीचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा त्याचा ठसा) नोंदलेला असतो आणि सूचीमध्ये प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे पॅकेजचा. त्यामुळे सही एकाच फाइलवर असली, तरी वाटेत कोणी एखादे पॅकेज बदलल्यास एपीटी (पॅकेजे उतरवून बसवणारा प्रोग्राम) ते नाकारते. डेबियनमध्ये ही तपासणी २००७ च्या ४.० आवृत्तीपासून आहे. मात्र सहीवरून पॅकेज कोणाकडून आले एवढेच कळते. ते निर्धोक आहे की नाही, हे कळत नाही. पॅकेजसोबत येणाऱ्या स्क्रिप्ट तर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतात.

जुन्या मार्गदर्शिकांतील एपीटी-की ही कमांड आता वापरू नये. तिने जोडलेली की सर्वच रेपॉझिटरींसाठी ग्राह्य धरली जाई, म्हणजे एका कंपनीच्या कीने सही केलेली सूची डेबियनच्या नावावरही खपू शकत असे. म्हणून की ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधील एपीटीच्या कीरिंग्ज फोल्डरमध्ये ठेवावी आणि रेपॉझिटरीच्या नोंदीत साइन्ड-बाय लिहून ती तेवढ्यापुरतीच बांधून टाकावी.

येथेच बहुतेक जण थांबतात, पण एक वाट उघडीच राहते. त्या रेपॉझिटरीत उद्या ओपनएसएसएलची (डेबियनमध्येही असलेल्या एनक्रिप्शनच्या पॅकेजची) वरच्या क्रमांकाची आवृत्ती आली, तर पुढच्या अपग्रेडमध्ये एपीटी तीच उचलेल, कारण दोन्ही स्रोतांची प्राथमिकता मुळात ५०० असते आणि बरोबरी झाली की मोठा आवृत्ती-क्रमांक जिंकतो. यावर उपाय पिनिंगचा, म्हणजे प्राथमिकता आपण स्वतः ठरवून देण्याचा. एपीटीच्याच प्रेफरन्सेस-डी फोल्डरमधील फाइलमध्ये त्या स्रोतातील सर्व पॅकेजांना प्राथमिकता १ द्यावी आणि आपल्याला हवी असलेली पॅकेजे तेवढी नावानिशी ५०० वर ठेवावीत. सर्व्हरवर हे काम मी ऐच्छिक मानत नाही.

त्यानंतर एपीटी अपडेट चालवून एपीटी पॉलिसी ओपनएसएसएल ही कमांड द्यावी. कॅंडिडेट म्हणून दाखवलेली, म्हणजे एपीटी बसवू पाहणारी, आवृत्ती खालच्या तक्त्यात डेबियनच्याच (उबुंटूवर उबुंटूच्याच) पत्त्यासमोर दिसली पाहिजे. ती बाहेरच्या पत्त्यासमोर असेल, तर अपग्रेड न करता आधी पिनची फाइल पुन्हा तपासावी.