बाई, आणि त्यात म्हातारी

[दृश्य: निकालपत्राची पानं. कॅमेरा एका ओळीवर येऊन थांबतो.]

निवेदन:

पोर्तुगाल, 1995. पन्नास वर्षांच्या एका बाईंची शस्त्रक्रिया झाली. त्यात एका मज्जातंतूला इजा झाली आणि दुखणं कायमचं मागे लागलं. बसणं अवघड, चालणं अवघड, शरीरसंबंध अशक्य. त्यांनी हॉस्पिटलवर दावा लावला. 2013 मध्ये खालच्या कोर्टानं त्यांना मानसिक त्रासापोटी 80 हजार युरो मंजूर केले.

प्रकरण अपिलात गेलं आणि वरच्या कोर्टानं ही रक्कम 50 हजारांवर आणली. का, तर शस्त्रक्रियेच्या वेळी बाई पन्नाशीच्या होत्या, दोन मुलं झालेली होती, आणि या वयात शरीरसुखाला तरुणपणाइतकं महत्त्व उरत नाही. हे घरगुती गप्पांमधलं वाक्य नाही, न्यायालयाच्या निकालातलं आहे. घरकामासाठी मदतनीस ठेवायचे 16 हजार होते, त्याचेही 6 हजार केले. मुलं मोठी झाली, आता करायचं ते नवऱ्याचंच ना, असा हिशेब.

[दृश्य: तीच पानं, शेजारी आणखी दोन निकाल]

त्याच देशात पंचावन्न आणि एकोणसाठ वर्षांच्या दोन पुरुषांवरही डॉक्टरांच्या चुकीमुळे हीच वेळ आली होती. त्यांना भरपाई देताना कोर्टानं वय काढलं नाही, मुलं किती तेही विचारलं नाही. त्यांच्या आत्मसन्मानाला जबर धक्का बसला, हे मात्र नोंदवलं.

बाई मग स्ट्रासबर्गला, युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या. जुलै 2017 मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: हा भेदभावच आहे, वय आणि बाईपण दोन्ही धरून केलेला. भरपाई मिळाली 3,250 युरो. हो, एवढीच.

[दृश्य: टीव्ही स्टुडिओ, मेकअपच्या आरशाभोवतीचे दिवे]

दोन्ही धरून, हेच सिद्ध करणं फार अवघड जातं. ब्रिटनमध्ये बीबीसीनं 2009 मध्ये ‘कंट्रीफाइल’ या ग्रामीण जीवनावरच्या कार्यक्रमाला नवं रूप दिलं, तेव्हा निवेदिका मिरियम ओ’रायली यांना वगळलं. त्यांनी बीबीसीवर दावा लावला. त्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. एचडी प्रक्षेपण येतंय, सुरकुत्या सांभाळा, असं आपल्याला ऐकवलं गेलं होतं, हे त्यांनी साक्षीत सांगितलं. 2011 च्या जानेवारीत नोकरीचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणानं वयावरून भेदभाव झाला हे मान्य केलं. बाई म्हणून भेदभाव झाला, हे मात्र मान्य केलं नाही.

आता यातली गोम बघा. नव्या चमूत एक तरुण बाई होतीच. म्हणजे बायका नकोत, असं कुणी म्हणू शकत नाही. आणि निवेदक जॉन क्रेव्हन अडुसष्टाव्या वर्षीही त्याच कार्यक्रमात राहिले. म्हणजे म्हातारी माणसं नकोत, असंही म्हणता येत नाही. नको होती ती म्हातारी बाई. पण तसा रकाना फॉर्मवर नसतो.

बाईला म्हातारी ठरवायची घाई तर विचारूच नका. एअर इंडियात हवाई सुंदरी पस्तिशीला निवृत्त व्हायची. विमानातच काम करणाऱ्या पुरुष पर्सरला अठ्ठावन्नपर्यंत मुभा. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिल्याच गरोदरपणात नोकरी घालवणारी अट रद्द केली. पस्तिशीची अट ठेवली.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, हातात फलक घेतलेले वृद्ध]

सगळ्याच जणी कोर्टात गेल्या असं नाही. अमेरिकेत 1970 मध्ये मॅगी कून पासष्टाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झाल्या. नोकरी चर्चच्या संस्थेतली, आयुष्य सामाजिक प्रश्नांवर काम करण्यात गेलेलं. निरोपाची भेट म्हणून मिळालं शिलाई मशीन. त्यांनी ते कधी खोक्याबाहेर काढलंच नाही, असं सांगतात. आपल्यासारख्याच घरी बसवलेल्या मैत्रिणींना त्यांनी गोळा केलं, त्यातून संघटना उभी राहिली: ग्रे पँथर्स. तरुणांनाही तिची दारं उघडी होती, आणि ते आलेही.

1974 मध्ये पेन्शनच्या कायद्यावर सही करण्याचा समारंभ होता. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कौतुकानं कून यांना ‘यंग लेडी’ म्हटलं. मी तरुण नाही, म्हातारी बाई आहे, असं कून यांनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. पुढे 1986 मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक नोकऱ्यांमधली वयानुसार सक्तीची निवृत्ती कायद्यानं बंद झाली.

पैशाचं गणित मात्र कायद्याच्या एका फटक्यात सुटत नाही. मुलांसाठी सोडलेली नोकरी, सासू-सासऱ्यांच्या आजारपणात अर्ध्या दिवसावर आणलेलं काम, सगळं शेवटी पेन्शनमध्ये वजा होऊन येतं. युरोपीय संघात पासष्टीपुढच्या बायकांची पेन्शन पुरुषांपेक्षा सरासरी जवळपास एक चतुर्थांशानं कमी आहे.

[दृश्य: स्ट्रासबर्ग, न्यायालयाच्या पायऱ्या. पांढऱ्या केसांच्या बायकांचा घोळका.]

स्वित्झर्लंडच्या बायकांनी तर डावच उलटवला. 2016 मध्ये त्यांनी संघटना काढली, सभासद होण्याची अट एकच: बाई हवी आणि वय किमान 64, म्हणजे तिथलं तेव्हाचं बायकांचं निवृत्तीचं वय. उष्णतेच्या लाटांचा सर्वांत जास्त धोका आम्हाला आहे, आणि सरकार हवामानबदल रोखायला पुरेसं काही करत नाही, हा त्यांचा दावा. देशातल्या कोर्टांनी तो फेटाळला. तुमची झळ इतरांहून वेगळी नाही, असं 2018 मध्ये एका कोर्टानं त्यांना सांगितलं.

9 एप्रिल 2024 ला स्ट्रासबर्गच्या न्यायालयानं सोळा विरुद्ध एक मतानं संघटनेच्या बाजूनं कौल दिला. स्वतःच्या नावानं तक्रार करणाऱ्या चौघींचे अर्ज मात्र दाखल करून घेतले नाहीत. जूनमध्ये स्विस संसदेनं जाहीर केलं की देश पुरेसं करतो आहे, आणखी काही करायची गरज नाही. निकालाच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या युरोप परिषदेच्या मंत्री-समितीला ते पटलं नाही. मार्च 2025 मध्ये तिनं फाइल बंद करायला नकार दिला.