निवती रॉकवरच्या पाकोळ्या

वेंगुर्ला बंदरापासून साधारण 15 किलोमीटर आत, खोल समुद्रात, काळ्या कातळांचा हा पुंजका. वेंगुर्ला रॉक्स. जुन्या सागरी नकाशांत हीच 'बर्न्ट आयलंड्स', आणि किनाऱ्यावर कुणालाही विचारा, 'निवती रॉक' म्हणतील. रात्री जहाजांनी या खडकांपासून लांब राहावं म्हणून हे दीपगृह. गाव नाही, घर नाही. होडी कातळाला लावायची ती लाटेचा अंदाज घेऊनच.

पाऊस लागायच्या आधी सुरय पक्षी इथे अंडी घालतात. पिवळ्या चोचीचा, काळ्या तुऱ्याचा हा मोठा सुरय बघा. घरटं असं काही नाहीच. उघड्या कातळावर एकच अंडं, आणि हातभरावर शेजारणीचं. दुसऱ्या जातीचा सुरय मात्र दगडाच्या कपारीत, सावलीला बसतो.

आता गुहेत चला. ही टिकटिक ऐकू येतेय? या पाकोळ्या, गुहेत घरटी करणारे पक्षी. चिमणीहूनही लहान. मिट्ट काळोखात त्या आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. फांदीवर बसणं त्यांना जमत नाही, खडकाला नखं रोवून लटकतात. घरटंही त्याच उभ्या भिंतीला. विणीच्या काळात त्यांच्या लाळग्रंथी फुगतात. पाकोळी त्याच जागी पुन्हा पुन्हा येते, लाळेचा धागा ओढते, उडून जाते. धागा वाऱ्याने कडक होतो, मग त्यावर दुसरा. मध्ये पिसं चिकटवलेली. असं दिवसांमागून दिवस चालतं, तेव्हा कुठे अर्ध्या वाटीएवढं घरटं होतं. त्यात दोन पांढरी अंडी.

पक्षी अभ्यासक ए. ओ. ह्यूम 1875 मध्ये इथे येऊन गेले. पक्षी अभ्यासक हुमायून अब्दुलअलींनी 1940 मध्ये इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर टिपण प्रसिद्ध केलं. पुढे पुण्याच्या अभ्यासकांनीही या गुहा तपासल्या. इतकं जुनं, इतकं नीट नोंदलेलं हे ठिकाण आहे.

या लाळेच्या घरट्यांचं परदेशात महागडं सूप होतं, म्हणून ती खरवडून नेली जातात, अंड्यांसकट. ही पाकोळी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. पण कायदा राबवायला इथवर होडी यावी लागते. मार्च ते जून, म्हणजे ऐन विणीत, या गुहांच्या तोंडाशी नियमित गस्त हवी, आणि ती निवतीच्या मच्छीमारांना सोबत घेऊनच व्हावी. या पाण्यात कुठली होडी आपली आणि कुठली परकी, हे त्यांना लांबूनच ओळखता येतं.