साय काढलेलं दूध पांढरं का राहतं?

(दृश्य: पहाट. नाशिकच्या एका दूध संकलन केंद्रात कॅनमधून नमुन्याची बाटली भरली जाते.)

फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मोजलं की केंद्राचं काम झालं. आपलं इथून सुरू होतं.

फॅट पूर्ण काढलं तरी दूध पांढरंच राहतं. हा रंग केसीनचा. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत ते सुमारे ८० टक्के असतं, आणि बहुतेक ५० ते ५०० नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांत बांधलेलं असतं. हे मिसेल. आत कॅल्शियम फॉस्फेटचे काही नॅनोमीटरचे पुंजके. दूध न वाळवता, न गोठवता ही रचना तपासायची, तर क्ष-किरणांचं विखुरणं कामी येतं: किरण नमुन्यातून कोणत्या कोनात किती विखुरले, याचा आलेख काढायचा.

(दृश्य: सेंट्रिफ्यूजमधून निघालेली नळी, वर सायीचा पिवळसर थर.)

खरी मेहनत नमुन्यात आहे. हा थर नीट काढा. फॅटचे थेंब मिसेलपेक्षा खूप मोठे असतात. ते उरले तर लहान कोनांवरचा आलेख वर उचलला जातो आणि मिसेलच मोठे वाटतात. फ्रिजमध्ये ४ अंशांवर बीटा-केसीन (केसीनचाच एक प्रकार) मिसेलमधून निसटतं, म्हणून थंड दूध कोमट करून स्थिरावू द्या. आंबू नये म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच.

नमुना सुमारे १ मिलिमीटरच्या बारीक काचनळीत भरतात. तांब्याचं लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीतून येणाऱ्या ०.१५४ नॅनोमीटरच्या किरणांना त्याहून जाड थर नको, पाणीच बरेचसे किरण शोषून घेतं. इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) किरण कितीतरी प्रखर. तिथं प्रथिनं किरणांनीच बिघडतात. नमुना वाहता ठेवा, छोटी छोटी मापनं घ्या. आधीचा आणि नंतरचा आलेख जुळला नाही, तर नंतरचा टाकून द्या.

मिसेलबाहेरच्या द्रवाचा वाटा, म्हणजे पार्श्वभूमी, म्हणून नुसतं पाणी वजा करू नका. लॅक्टोज आणि क्षारही किरण विखुरतात. त्याच दुधाचं अल्ट्राफिल्टरमधून (मिसेल अडवणाऱ्या अतिबारीक गाळणीतून) गाळलेलं पाणी वापरा.

(दृश्य: पडद्यावर उतरती रेषा, मध्येच फुगवटा.)

आडव्या अक्षावर क्यू आहे, विखुरण्याच्या कोनावरून काढलेलं माप. क्यू ०.३५ प्रति नॅनोमीटरपाशी बघा. २π (पाय) भागिले क्यू, म्हणजे अंदाजे १८ नॅनोमीटर: पुंजक्यांमधलं अंतर. पुढचा, ०.८ ते १ च्या आसपासचा खांदा, म्हणजे रेषेतला हलका उंचवटा, वर्षानुवर्षं कॅल्शियम फॉस्फेटचाच मानला गेला. मग किरणांची ऊर्जा कॅल्शियमच्या ४.०४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या कडेजवळ (जिथं कॅल्शियम किरण एकदम जास्त शोषू लागतं) आणून मापनं झाली. कॅल्शियमची खूण ०.३५ पाशी निघाली. खांदा प्रथिनांच्या बारीक दाट-विरळ रचनेचा ठरतो.

(दृश्य: त्याच दुधाला विरजण लागतं. पीएच ६.७ वरून उतरत जातो.)

आम्ल वाढतं तसं कॅल्शियम फॉस्फेट विरघळतं, आणि पडद्यावरचा फुगवटा मावळत जातो.