नगरपालिकेची शिल्लक आणि वाचनालयाची गच्ची

नमस्कार श्रोतेहो. फेब्रुवारी आला की गावोगावच्या नगरपालिकांची अंदाजपत्रकं येतात आणि पेपरात ठरलेली बातमी येते, अमुक नगरपालिकेचं इतक्या लाखांचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर, करवाढ नाही. आणि टपरीवर लगेच सुरू होतं, एवढे पैसे पडून आहेत तर गटार का काढत नाहीत, रस्ता का करत नाहीत. मी नोकरीभर नगरपालिकेच्या लेखा विभागात होतो, म्हणून आज ह्या शिलकेबद्दल बोलायचंय, आणि त्याहून जास्त नगरपालिकेच्या स्वतःच्या इमारतींबद्दल, कारण शाळा, दवाखाना, मंडईचे गाळे, वाचनालय हे सगळं आपलं आहे आणि त्याच्या डागडुजीला पैसा कुठून येतो हे कुणी विचारतच नाही.

आधी शिल्लक. शिल्लक दिसते तेवढी मोकळी नसते. घरात पोराच्या फीचे पैसे वेगळ्या डब्यात काढून ठेवलेले असतात ना, ते घरात आहेत म्हणून कुणी त्याचा सोफा आणत नाही, तसंच हे. आता बघा, 2021 ते 2026 च्या पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या अनुदानात छोट्या शहरांसाठी 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छता ह्यालाच वापरायची, बाकी 40 टक्के अबंधित. त्यातली न खर्चलेली रक्कम 31 मार्चला बँकेत राहिली की ती अखेरच्या शिलकेत दिसते, पण तिच्यातून शाळेचं कौल बदलता येत नाही. ठेकेदारांची अनामत रक्कम, ती पण शिलकेतच दिसते, ती तर परत द्यायचीय. दिव्यांगांसाठी राखीव 5 टक्के, ते तिकडेच गेले पाहिजेत. हे सगळं वजा करा आणि मग जे उरतं ती खरी शिल्लक. परत सांगतो, बंधित वजा करा, अनामत वजा करा, राखीव वजा करा, मग उरेल ती शिल्लक.

आणि ती उरलेली कुठे जाते? मार्च एंडला घाईघाईत जाते. किंवा स्वागत कमानीत जाते. माझं ह्याबाबत स्पष्ट मत आहे, ज्या गावात शाळेची एक जरी खोली गळते तिथे कमान उभी करायला परवानगीच मिळू नये. कमानीखालून माणूस दहा सेकंदात निघून जातो, त्या खोलीत पोरं दिवसभर बसतात.

बरं, आता ती गोष्ट सांगतो जी मला सांगायचीच होती.

आमच्या नगरपालिकेचं एक वाचनालय होतं, गावाचं नाव घेत नाही. साठच्या दशकातली इमारत, खाली दगडी जोतं, वर सपाट स्लॅब, साधारण हजार स्क्वेअर फुटांचा हॉल. हॉल गळायचा. वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या बरोबर वर. दर दोन-तीन वर्षांनी मार्चमध्ये फाईल यायची, विषय तोच, वाचनालय इमारतीस गळती प्रतिबंधक काम करणे. इस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर, एमबी म्हणजे कामाच्या मापांची वही, बिल. म्हणजे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर सिमेंटची घोटाई. पावसाळ्यात थोडं बरं वाटायचं आणि मग परत टपटप सुरू. लोक म्हणायचे ठेकेदाराने माल खाल्ला. म्हणून पुढच्या वेळी दुसरा ठेकेदार, वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेला थर. तरी गळतंच.

मग एक नवीन जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता मॅडम बदलून आल्या. त्यांनी इस्टिमेट करायच्या आधी एका म्हाताऱ्या गवंडी मिस्त्रींना बरोबर घेतलं आणि गच्चीवर गेल्या, मीही मागोमाग गेलो कारण बिलाच्या फायली माझ्याकडे होत्या. मिस्त्री गच्चीच्या दारातच थांबले. म्हणाले मॅडम, हे दार बघा. दार खालून करवतीने कापलेलं होतं, आणि एकदा नाही, दोनदा, दोन कापांची लाकडं वेगवेगळ्या रंगाची दिसत होती. कशाला कापलं? कारण गच्ची वर वर येत होती! मग ते कठड्यापाशी गेले. कठडा त्यांच्या गुडघ्याला लागत होता. ज्या कठड्याला टेकून माणसं पूर्वी मिरवणूक बघायची तो गुडघ्याला. म्हणजे आधीचा थर कुणी कधी काढलाच नव्हता, थरावर थर, थरावर थर.

मॅडमनी एका कोपऱ्यात खड्डा खणायला लावला, फुटाच्या वर खोल गेल्यावर कुठे मूळ स्लॅब लागला. आता ह्याचा अर्थ काय ते नीट ऐका. चार इंच कोबा म्हणजे एका चौरस मीटरला साधारण 180 ते 200 किलो वजन. आणि माणसं वावरतात अशा सपाट गच्चीवर येणारा भार डिझाईनमध्ये धरतात तो चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. म्हणजे तो एकेक थर, गच्चीवर माणसांची गर्दी होईल म्हणून जेवढं वजन धरलं होतं त्याच्यापेक्षा जड. सगळ्या गच्चीवर मिळून एका थराचे सतरा-अठरा टन. गळती थांबवायच्या नावाखाली नगरपालिका आपल्याच पैशाने वाचकांच्या डोक्यावर वजन चढवत होती.

पण गळत का होतं? ते सांगितलं वाचनालयाच्या शिपाईमामांनी. मामा टेबलावर बादली ठेवायचे आणि बादली ज्या दिवशी भरेल त्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने टिंब द्यायचे. मॅडमनी ते कॅलेंडर मागितलं. जून-जुलैत टिंबं होतीच, पण एप्रिलमध्येही होती, मे महिन्यातही होती, कडकडीत उन्हाळ्यात, आणि ती सुद्धा एक दिवसाआड. अहो एक दिवसाआड काय येतं गावात? नळाला पाणी! गच्चीवर टाकी होती, तिला येणारा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप पहिल्या कोब्याच्या वेळी आत गाडला गेला होता, तो सांध्यात कुजला होता, टाकी भरायला लागली की पाणी कोब्यात मुरायचं आणि सावकाश खाली यायचं. पावसाचा संबंध थोडाच होता. मामा म्हणाले, मी सांगितलेलं की पाण्याच्या दिवशी गळतं म्हणून, पण लिहून कुणी घेतलं नाही.

लिहून कुणी घेतलं नाही. मला हे वाक्य फार लागलं, कारण फायलीत सगळं लिहिलेलं असतं, दर, मापं, सह्या, फक्त इमारतीत रोज बसणारा माणूस काय बघतोय एवढंच नसतं.

मग त्या वर्षीच्या खऱ्या शिलकेतून काम निघालं. खाली जॅक लावले, ब्रेकर चालवू दिला नाही, हादऱ्याने स्लॅब जाईल म्हणून कोबा छन्नी-हातोडीने फोडला, ट्रॉल्याच्या ट्रॉल्या राडारोडा निघाला. आतले गज गंजून फुगले होते, गंजलेला गज फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो, ते सगळं घासून दुरुस्त केलं. टाकी बाजूला लोखंडी स्टँडवर नेली, पाईप भिंतीवरून उघडा, डोळ्याला दिसेल असा. पाईपाचं काम हजारांत झालं, त्याच्या आधीचे कोबे लाखांत गेले होते.

जाता जाता, हे वाचनालय आता रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि सगळीकडे तसंच पाहिजे. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींना घरात कोपरा मिळत नाही, सहा वाजता कुलूप लावायचं असेल तर दुरुस्ती तरी कुणासाठी करायची. असो.

तर मुद्द्यावर येतो, वेळ कमी आहे. दुरुस्ती हा महसुली खर्च, नवीन बांधकाम हा भांडवली खर्च. भांडवली कामाला वरून निधी मिळतो, पाटी लागते, उद्घाटन होतं. दुरुस्तीला बहुतेक आपलीच घरपट्टी लागते. म्हणून इमारत दुरुस्ती व देखभाल हा लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचा रकाना, दरवर्षी अंदाजपत्रकात भरलेला असला पाहिजे, हजार रुपये टोकन टाकून नाही, भरलेला. द्विनोंद पद्धतीच्या हिशोबात आता इमारतींचा घसारा दाखवतात, कागदावर इमारत दरवर्षी झिजते, पण तेवढे पैसे कुणी बाजूला काढत नाही. ते काढले पाहिजेत. मे महिन्यात प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी जाऊन यायला पाहिजे, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, झालंच पाहिजे, ज्या खोलीत पोरं बसतात तिथपासून सुरुवात. कित्येक नगरपालिकांत तीन-चार वर्षं प्रशासक होते, सभागृहात विचारणारं कुणी नव्हतं, त्या काळात राहिलेली दुरुस्ती आता एकदम अंगावर येणार आहे.

तुम्ही काय करू शकता? आपल्या नगरसेवकाला किंवा नगरसेविकेला विचारा, वॉर्डातल्या नगरपालिकेच्या इमारतीवर पाच वर्षांत दुरुस्तीला किती खर्च झाला आणि नक्की कशाची दुरुस्ती झाली. उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एमबीची प्रत मागा, काय काम झालं ते तिच्यात मापासकट असतं. आणि जमलं तर त्या इमारतीच्या शिपाईमामांशी, सफाईवाल्या ताईंशी दोन मिनिटं बोला, कुठे आणि कधी गळतं ते त्यांना माहीत असतं.

पुढच्या वेळी घरपट्टीची दर चार वर्षांनी होणारी फेरआकारणी आणि तिच्यावर हरकत कशी घ्यायची ते बोलू. नमस्कार.