साबोनिसचे पाय, साबोनिसचे हात

मित्रहो, बास्केटबॉलपटू आर्विदास साबोनिसचं नाव निघालं की एक हळहळ हमखास ऐकू येते : तरुणपणीच अमेरिकेत खेळायला गेला असता तर! आज मला या हळहळीशी थोडं भांडायचं आहे.

साबोनिस १९६४ सालचा, तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये असलेल्या लिथुआनियातल्या कौनासचा. उंची ७ फूट ३ इंच. आपल्या शहराच्या झालगिरिस संघाकडून खेळताना १९८५, ८६ आणि ८७ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यानं सोव्हिएत अजिंक्यपद कौनासला आणलं, तेही मॉस्कोच्या लष्करी संघाला, सीएसकेएला, मागे टाकून. ज्यांना स्वतःचा झेंडा लावायची मुभा नव्हती त्यांना त्या विजयांचं काय वाटलं असेल, याचा विचार करा. १९८६ मध्ये पोर्टलंडच्या संघानं त्याला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वाटपात) निवडलं, पण सोव्हिएत सरकार सोडेना.

मग टाच गेली. पोटरीला टाचेशी जोडणारी शीर, अकिलीस टेंडन, दोनदा तुटली. त्यातून पुरता सावरलेला नसताना तो १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाकडून उतरला. उपांत्य सामन्यात समोर अमेरिकेचा उंचापुरा डेव्हिड रॉबिन्सन होता. अमेरिका ७६-८२ अशी हरली आणि पुढे सुवर्णपदकही आलं. त्या संघाचे चार आधारस्तंभ लिथुआनियन होते, वाजलं मात्र सोव्हिएत राष्ट्रगीत. चार वर्षांनी बार्सिलोनात स्वतंत्र लिथुआनियानं माजी सोव्हिएत खेळाडूंच्या संयुक्त संघाला ८२-७८ नं हरवून कांस्य जिंकलं. पिवळ्या-हिरव्या-तांबड्या रंगांत बांधणी केल्यासारखे टी-शर्ट घालून ही मंडळी पदक घ्यायला उभी राहिली! मला तरी ते कांस्य सोलच्या सोन्यापेक्षा मोठं वाटतं.

दरम्यान तो स्पेनमध्ये खेळत होता. १९९५ मध्ये रेआल माद्रिदला युरोपचं अजिंक्यपद मिळवून दिलं आणि त्याच वर्षी, तिशी गाठल्यावर, पोर्टलंडला गेला. संघाचे व्यवस्थापक बॉब व्हिट्सिट सांगत, की एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले होते, एवढ्यावर याला अपंगांसाठीच्या पार्किंगचा परवाना मिळेल.

त्या पायांवर तो पहिल्या मोसमात सामन्यामागे जेमतेम २४ मिनिटं खेळला आणि सरासरी १४.५ गुण, ८.१ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) करून गेला. कसं? त्या मोसमाची चित्रफीत मिळाली तर चेंडूकडे पाहू नका, त्याच्या मानेकडे पाहा. बास्केटकडे पाठ, चेंडू एका हातात उंच धरलेला, बचावपटूंना पोहोचताच येऊ नये इतका. मान एकीकडे वळलेली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं सहकारी रिंगकडे धावतो आणि चेंडू पाठीमागून नेमका त्याच्या हातात. ना उडी, ना धाव. हळहळणारे न खेळलेल्या साबोनिसला शोधत बसतात आणि हा डोळ्यांसमोरचा साबोनिस त्यांच्या नजरेतून निसटतो.

२००३ मध्ये तो झालगिरिसकडे परतला. त्याच मोसमात त्यानं ३९ वर्षं पूर्ण केली, आणि युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, साखळी फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती त्याचीच.