गोळी तीच, भाव निराळा

श्रोते हो, नमस्कार. परळला रुग्णालयांच्या आसपास कुठल्याही मेडिकलमध्ये जा आणि नैराश्यावरच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून बघा. ठळक नावं निराळी, पण आतलं औषध एकच: एस्सिटॅलोप्रॅम, दहा मिलिग्रॅम. किमतीत मात्र चांगलीच तफावत दिसेल.

अमेरिकेत पेटंट संपलं की मूळ कंपनीची विक्री गडगडते. ऑगस्ट २००१ मध्ये नैराश्यावरच्या 'प्रोझॅक'ची, म्हणजे फ्लुओक्सेटिनची, जेनेरिक गोळी (तेच औषध, पण दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं) आली आणि काही आठवड्यांतच बहुतेक रुग्ण तिच्याकडे वळले. तिथे फार्मासिस्टच स्वस्त गोळी हातात ठेवतो, विमा कंपनीलाही तेच हवं असतं.

आपल्याकडे १९७० च्या कायद्यानं औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं. २००५ पर्यंत हेच चाललं. म्हणून नवी औषधं इथं लवकर आणि स्वस्तात बनू लागली. आज मुंबईत मुख्यालय असलेली सन फार्मा १९८३ साली उभी राहिली, तीच मनोविकारांवरच्या पाच औषधांवर. या स्पर्धेमुळे कितीतरी घरांना उपचार परवडले, हे मी मनापासून मानतो.

पण आपल्याकडची चढाओढ लागते ती डॉक्टरांच्या टेबलापाशी. एकाच औषधाला प्रत्येक कंपनी आपलं नाव देते आणि तिचा एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, ते नाव डॉक्टरांच्या मनात ठसवत राहतो. दुकानदाराला चिठ्ठीतला ब्रँड परस्पर बदलता येत नाही. निवड एकाची आणि खिसा दुसऱ्याचा! त्यात ही औषधं वर्षानुवर्षं घ्यायची, त्यामुळे पहिल्या चिठ्ठीतलं नाव सहसा सुटत नाही.

लिथियमचं मला फार वाईट वाटतं. बायपोलर आजारावर, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाणाऱ्या आजारावर, १९४९ पासून माहीत असलेलं हे औषध आत्महत्येचा धोकाही कमी करतं. पण ते पडलं मूलद्रव्य, त्यावर पेटंट कोण घेणार? नफा बेताचाच, म्हणून त्याची भलामण करायला फारसं कुणी येत नाही.

कंपनी बदलायची भीती अगदीच निराधार नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत बुप्रोपियॉन या नैराश्यावरच्या औषधाची ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक गोळी मूळ औषधाशी समतुल्य नाही म्हणून मागे घ्यावी लागली. पण असं क्वचित घडतं. बहुतेक औषधांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदल निभावतो. लिथियमची कंपनी बदलली, तर मात्र रक्तातली पातळी तपासून घ्या.

तेव्हा डॉक्टरांना सांगा, 'ब्रँडसोबत आतल्या औषधाचं नावही लिहून द्या.' ते घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, विचारा. पैसे नाहीत म्हणून गोळी मध्येच बंद करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळायला हवीत. खिडकीवर 'स्टॉक नाही' म्हणाले, तर तसं लेखी मागा.